देवरावजींचे दोन आवाज

आमची आणि देवरावजींची भिंत एकच. पांढुर्ण्याच्या जुन्या मोहल्ल्यांत घरं अशीच एकमेकांना टेकून उभी आहेत. भिंतीपलीकडे कोण राहतं, यावर माणसाचं अर्धं सुखदुःख ठरतं. माझ्या नशिबी ऑटोवर भोंगा लावून गावभर पुकारा करणारा माइकवाला आला. शाळेत दिवसभर पोरांना "हळू बोला, हळू बोला" म्हणून मी थकून घरी यायची, चहाचं आधण ठेवायची, आणि पलीकडून सुरू व्हायचं, हॅलो, हॅलो, वन टू थ्री. आमच्या खुंटीवरचा कंदीलसुद्धा थरथरायचा.

एकदा मी चिडून त्यांच्या दारात गेले. म्हटलं, देवरावजी, माणसानं जरा हळू बोलावं, आम्ही शाळेत पोरांना तेच शिकवतो. ते ओट्यावर बसून भोंग्याची तार जोडत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमच्या पोराइले दार लावून कोंडलेलं असते. माह्या गिऱ्हाइकाले आयकाचंच नसते." मी परत आले आणि कंदील खाली उतरवून ठेवला.

देवरावजी अंगानं किरकोळ. मे महिन्यातही गळ्याला मफलर, गालात ज्येष्ठमधाची काडी. आमचा मुलुख संत्र्यांचा. बहार आला की गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी टोपलं येऊन पडतंच. देवरावजी संत्र्याला हात लावायचे, पण तोंड नाही. गळा धरतो म्हणायचे. साल सोलून नाकाशी धरायचे, हुंगायचे, आणि फोडी समोरच्या पार्वताआजीला देऊन टाकायचे. निवडणुकीचं मतदान संपलं की त्या संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून, रस कोपरापर्यंत ओघळू देत, पोटभर संत्री खायचे. त्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीत खरी शांतता असायची.

या माणसाकडे दोन आवाज होते. एक खबरीचा, एक प्रचाराचा.

खबरीचा आवाज खालचा, सावकाश, पोटातून येणारा. पांढुर्णा पडलं मध्य प्रदेशात, त्यामुळे नगरपालिकेचा कागद हिंदीत यायचा, 'समस्त नगरवासियों को सूचित किया जाता है' वगैरे. तो ते सरकारच्या समाधानासाठी एकदा हिंदीत वाचायचे आणि मग लोकांसाठी मराठीत सांगायचे. यात त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी तरी पाहिला नाही. स्वतः पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी गेल्याची खबर असली तर आधी त्या घरी जाऊन अंगणात बसून यायचे. 'आज पाणी सुटणार' असा कागद आला तर पहाटे ऑटो घेऊन टंकीवर जायचे, व्हॉल्व्हच्या पायपाखाली हात धरायचे, हात ओला झाला की मगच गल्लीत शिरायचे. कधी कधी कागदावर पाणी असायचं आणि पायपात नसायचं. तेव्हा ते माइक बंद ठेवून परत यायचे, आणि ऑटो मुकाट्यानं आलेला पाहून बायका समजून जायच्या की आज हातपंप.

जामसांवलीला हनुमानाच्या यात्रेत हरवलेल्यांचा तंबू त्यांच्याकडेच असायचा. एकदा रामाकोन्याकडची एक बाई रडत आली की नवरा हरवला. देवरावजींनी तिला आत बसवलं, पाणी दिलं, नवऱ्याचा पंचा कसा, चपला कशा, सगळं विचारलं आणि माइक हातात घेतला. तेवढ्यात त्यांना तंबूच्या पलीकडच्या अंगाला कुणी तरी स्वयंसेवकावर तणतणताना ऐकू आलं, की बायको कुठं हरवली काही कळत नाही, आणि तुमचा माइकवाला गप्प बसून राहिला. पंचा तोच, चपला त्याच. देवरावजींनी माइकवरून सांगितलं की रामाकोन्याचे दोघंही सापडले आहेत, हरवलं कोण होतं ते त्यांनी घरी जाऊन ठरवावं. सगळी यात्रा हसली. ती बाई मात्र पुढं दर वर्षी तंबूत येऊन त्यांच्यासमोर प्रसाद ठेवून जायची.

दुसरा आवाज प्रचाराचा. तो नाकातून यायचा, वरच्या पट्टीत, आणि शेवटचा शब्द तीनदा. पांढुर्णा, सौंसर, तिगाव, कुठंही निवडणूक असो, देवरावजींचा ऑटो सकाळी एका पक्षाचा आणि दुपारी दुसऱ्याचा. मफलरचा रंगसुद्धा जेवणानंतर बदलायचा. मी त्यांना टोचायचे, की सकाळी ज्याला चोर म्हणता त्याला दुपारी देव म्हणता, जिभेला काही वाटत नाही का? ते हसायचे. म्हणायचे, बाई, प्रचार म्हणजे शिमगा आहे. शिमग्यात कोणी बोंब मारली म्हणून पोलिसात जाते का? लोकांना माहीत असते, खबर वेगळी अन् प्रचार वेगळा. आवाजावरून ओळखतात.

आणि बराच काळ ते खरं वाटत होतं.

पुढाऱ्यांना मात्र देवरावजी हवे असायचे ते आवाजासाठी कमी आणि डोळ्यांसाठी जास्त. कोणत्या वाक्याला किती दारं उघडतात, हे ऑटोत बसून त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. 'रस्ता करू' म्हटलं तर कुत्रंही मान वर करत नाही. 'नाली बांधू' म्हटलं की एखादी म्हातारी डोकावते. अन् 'टॅक्स माफ' म्हटलं की बायका कणकेचे हात घेऊन उंबऱ्यावर येतात. मीही आलेली आहे, खोटं कशाला सांगू.

नलिनीताई नगरपालिकेच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, तेव्हाची गोष्ट. कापडाच्या व्यापारातलं घर, शिकलेली बाई, बोलणं सरळ. त्यांचा पहिला कागद मी स्वतः वाचला होता. टंकीची मोटर जुनी झाली, ती बदलावी लागेल, पाइप बदलावे लागतील, त्यासाठी नळाचा टॅक्स थोडा वाढेल, पण पाणी एका दिवसाआड नक्की येईल, असं त्यात लिहिलेलं होतं. मला तर तो कागद फार आवडला. देवरावजींनी तो दिवसभर फिरवला. एकही दार उघडलं नाही. संध्याकाळी ताईंनी विचारलं, लोक काय म्हणतात? देवरावजींनी खरं ते सांगितलं, की काहीच म्हणत नाहीत. ताईंनी पुढं विचारलं, मग काय म्हटलं की बाहेर येतात? त्यांनी तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी कागद बदलला. मोटर गेली, पाइप गेले, आणि नळाचा टॅक्स माफ, माफ, माफ.

लोक म्हणतात, पुढारी निवडून आल्यावर शब्द फिरवतात. मी म्हणते, बाप्पा, आमच्या गल्लीत तर तो निवडून यायच्या आधीच फिरला होता. खरा शब्द एक दिवस दारोदार हिंडला आणि कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

नलिनीताई दणक्यात निवडून आल्या. उन्हाळ्यात टंकीची मोटर जळाली. विजेचं बिल थकलेलं, मेकॅनिक उधारीवर यायला तयार नाही. टॅक्स माफ करायचा तर पाणी कशानं चढवायचं? पण हे लोकांना सांगणार कोण? ताई घराबाहेर पडेनाशा झाल्या आणि पालिकेनं वसुलीचा कागद काढला.

आता देवरावजींचा गळा वयापरत्वे बसायला लागला होता, म्हणून ते पेनड्राइव्हवर आवाज भरून ठेवत. जुना पुसायचं त्यांना काही सुचलं नाही. बाजाराच्या दिवशी ऑटो भर गर्दीत शिरला आणि भोंग्यातून आलं, "नळाचा टॅक्स माफ, माफ, माफ!" लोक थबकले. लगेच त्याच माणसाचा दुसरा आवाज, "थकीत नळाचा टॅक्स त्वरित भरावा, अन्यथा नळ कापण्यात येईल." पुन्हा माफ, पुन्हा भरा. देवरावजी ऑटो उभा करून पुढच्या टपरीवर चहा घेत होते, त्यांना पत्ताच नाही. मिरच्या विकणाऱ्या बाईपासून संत्र्याच्या अडत्यापर्यंत सगळा बाजार पोट धरून हसला. कुणी तरी म्हणालं, देवरावजी, आधी घरी बसून ठरवून घ्या. ते स्वतःही हसले. घरी आल्यावर मला हा किस्सा त्यांनीच रंगवून सांगितला.

हसणं तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. मोटर बंद असल्यानं टंकीच्या तळाचं उरलंसुरलं पाणी सोडलं जात होतं, थोड्याच दिवसांत त्यात गाळ आला. देवरावजी टंकीवर गेले, हातावर पाणी घेतलं, वास घेतला आणि थेट गल्लीत आले. पेनड्राइव्ह नाही, बसलेल्या गळ्यानं, खबरीच्या आवाजात सांगत फिरले की आज पाणी उकळून प्या, लहान पोरांना तसंच देऊ नका.

पार्वताआजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा देवराव का? याचं काय आयकाचं? माफ म्हणते, भरा म्हणते. आज उकळा म्हणते, उद्या गार करा म्हणीन." आणि माठातलं पाणी प्याली. गल्लीत तिच्यासारखे पुष्कळ निघाले. दोन दिवसांत घरोघरी उलट्या-जुलाब. आजीला तर आधी इथं सलाइन लावलं आणि मग नागपूरला न्यावं लागलं. जगते की नाही अशी पाळी आली होती.

देवरावजी ओट्यावर बसून राहायचे. भोंगा आत, ऑटोवर ताडपत्री. मला ती शांतता सोसेना. ज्या आवाजाचा मी जन्मभर राग केला, तो बंद झाल्यावर घर खायला उठलं. मी चहा घेऊन गेले. म्हटलं, तुम्ही तर सांगितलं होतं, तुमचा काय दोष? त्यांनी कप घेतला, पण प्याले नाहीत.

"बाई, लोकाइनं दोन आवाज वेगळे ठेवलेच नाही," ते म्हणाले. "मीच ठेवून राहिलो होतो."

मी कपबशी त्यांच्या हातातच सोडून परत फिरले.

आजी नागपूरला असतानाच नवा कागद आला. टॅक्स वाढला होता, आणि कारण लिहिलं होतं, 'शासन के निर्देशानुसार'. देवरावजींनी तो घडी करून पालिकेत परत नेऊन दिला. बाबूनं सांगितलं, तुम्ही नाही तर सौंसरचा माइकवाला येईल. ते म्हणाले, येऊ द्या. आणि तिथून सरळ नलिनीताईंच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला पुढं ताईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, मला आधी रागच आला, मी कसंही करून टंकीत पाणी चढवू पाहत होते आणि माझं नाक कापायला निघालेले हेच पहिले. देवरावजी बसलेसुद्धा नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की माफ झालं हे माझ्या तोंडून गेलं, आता वाढलं हे तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. पुन्हा माझ्या तोंडून गेलं तर या गावात उद्या आग लागली तरी माझं कोणी ऐकणार नाही. ताई म्हणाल्या, देवरावजी, असं केलं तर पुढच्या वेळी माझ्या दारात कोणी उभं राहणार नाही. देवरावजींनी त्यांच्या रिकाम्या पडवीकडे पाहिलं आणि विचारलं, आता तरी कोण उभं आहे?

ताई रात्रभर नवऱ्याशी भांडल्या म्हणे. असं कबूल करणं म्हणजे राजकारणात आपल्याच गळ्यात धोंडा बांधून घेणं, असं नवऱ्याचं मत होतं. सकाळी त्या ऑटोत येऊन बसल्या.

ज्या गल्ल्यांतून 'माफ' फिरलं होतं, त्याच गल्ल्यांतून तो ऑटो फिरला. ताईंना माइक धरता येत नव्हता, देवरावजींनी तो त्यांच्या तोंडापुढं धरला आणि स्वतः रस्त्याकडे पाहत बसले. आमच्या गल्लीत ऑटो थांबला तेव्हा पार्वताआजी आदल्या दिवशीच परतली होती. हाडांचा सापळा, पण ओट्यावर येऊन बसलेली. ताईंनी सगळं सांगितलं. मोटर, बिल, पाइप. मी माफ म्हटलं होतं, माफ होत नाही, उलट वाढवावा लागतो, असं स्पष्ट सांगितलं. काही लोकांनी दारं आपटली. कुणी शिव्या दिल्या. दरवर्षी दगडफेकीची जत्रा भरवणाऱ्या पांढुर्ण्यात दगड शोधावा लागत नाही, पण त्या दिवशी कुणी वाकलं नाही.

आजीनं विचारलं, "मंग तेव्हा काहून म्हटलं?"

आता ताई काही तरी सरकारी बोलतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर यावं म्हणून, आजी. खरं सांगत होते तर कोणीच येत नव्हतं."

गल्लीत एवढी शांतता मी मतदानाच्या संध्याकाळीसुद्धा अनुभवली नव्हती.

"आता आली ना मी बाहेर," आजी म्हणाली. "सांग मंग, पाणी कवा येते?"

कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आणि ताई माइकसकट रडल्या, तेही भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेलं. मग लोक ऑटोभोवती गोळा झाले आणि खरं बोलणं सुरू झालं. मोटर कितीची, कुणाकडून घेणार, गरिबाला सूट आहे की नाही, दिवसाआड म्हणजे कोणत्या गल्लीत कोणता दिवस. त्या पहिल्या कागदातलं सगळं त्या दिवशी लोकांनीच विचारून घेतलं.

टॅक्स सगळ्या गावानं भरला असं मी म्हणणार नाही, गाव म्हणजे काही देऊळ नाही. पण आमच्या गल्लीनं भरला. पावसाळ्याआधी मोटर बसली. पाणी एका दिवसाआड यायला लागलं आणि पहाटे टंकीवर हात ओला करून येणारा देवरावजींचा ऑटो पुन्हा बोलू लागला. लोक आधी ऐकून घ्यायचे, पण भांडी पाणी आल्यावरच काढायचे. मोडलेला विश्वास भोंग्यानं जुळत नाही, एवढं देवरावजींना कळत होतं.

पुढच्या निवडणुकीत नलिनीताई पडल्या. फार नाही, थोडक्यात. मला वाईट वाटलं, मी भिंतीशी बसून रडले. पण जो निवडून आला, त्याच्यासाठीसुद्धा देवरावजींनी 'माफ' हा शब्द उच्चारायला नकार दिला होता. म्हणाले, कागदात जे तू स्वतः माइकवर येऊन मोडू शकशील तेच लिही. तो चिडला, पण दुसऱ्या माइकवाल्याचं लोक ऐकेनात. दोन वर्षांनी त्याला बाजाराची बैठकी, म्हणजे दुकान मांडायच्या जागेचा कर, वाढवावी लागली, तेव्हा न सांगता तो स्वतः ऑटोत येऊन बसला. भाजीवाल्या बायकांनी त्याला चांगला उन्हात उभा करून उलटतपासणी घेतली. आता आमच्याकडे तशी रीतच पडली आहे. वाईट बातमी सांगायला ज्याची त्यानं यायचं. पोरांना मी नागरिकशास्त्र वर्षानुवर्षं शिकवलं, पण हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

देवरावजींचा गळा शेवटी गेलाच. डॉक्टरनं त्यांचं बोलणं बंद केलं. नागपूरला दिलेल्या मुलीनं आपल्याकडे राहायला यायचा हट्ट धरला आणि देवरावजींनी ऑटो, भोंगा मोहल्ल्यातल्याच एका जाणत्या माणसाला देऊन टाकला. जायच्या दिवशी पहाटे मी संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभी होते. म्हणणार होते, आता तर खा, आता कुणाचा प्रचार आहे? तेवढ्यात ते टंकीकडून येताना दिसले. पायी. बाही कोपरापर्यंत भिजलेली. नवा माइकवाला अजून उठला नव्हता, आणि यांना राहवलं नाही.

ऑटो नाही, भोंगा नाही. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात ते एकेका दारापाशी थांबून सांगत आले, "पाणी येऊन राहिलं." तो आवाज खबरीचाही नव्हता आणि प्रचाराचाही नव्हता, नुसता देवरावजींचा होता. पार्वताआजीला आता अजिबात ऐकू येत नाही. ती ओट्यावर बसली होती. देवरावजी तिच्यासमोर उभे राहिले, ओठ हलवले, ती नुसती पाहत राहिली. मग त्यांनी हात पुढं केला. ओला हात. आजीनं तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन चाचपला.

ती उठली, घागर आणली, कोरड्या नळाखाली ठेवली आणि पाण्याची वाट न पाहता चहा करायला आत निघून गेली.

देवरावजी त्या घागरीकडे पाहत उभे होते. मग मफलर काढून त्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातून पिशवी घेतली, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागता लागता पहिलं संत्रं सोललं.